विदर्भातले बेडूक आणि भेक: वावर, धुरा आणि जंगल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की प्रश्न यायला लागतात, ते धान निघेपर्यंत थांबत नाहीत. कोणी फोटो पाठवतं, कोणी अंधारात मोबाइलवर घेतलेला आवाज, तर कोणी नुसतंच “हे काय आहे?” असं लिहितं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्या भागात बेडकांच्या जाती किती? सगळे तर सारखेच दिसतात.

एका गावाच्या शिवारात नीट पाहिलं तर आठ-दहा जाती सहज सापडतात. पश्चिम घाटात उभयचरांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्या तुलनेत आपली यादी छोटी, पण आपले बेडूक पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातून तग धरून निघतात.

अंगणात दिव्याखाली बसतो तो साधा भेक. विहिरीत, नाल्यात, तलावाच्या काठाला अर्धं अंग पाण्यात ठेवून बसणारा आणि चाहूल लागली की पाण्यावरून टुणटुण उड्या मारत जाणारा तो पाणबेडूक. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या वाफ्यात, पायाखालून चारही दिशांना उडतात ते मिनर्वार्या गटातले छोटे बेडूक. सगळ्यात मोठा बुलफ्रॉग. अंगठ्याच्या पेराएवढा, टोकदार तोंडाचा, पाठीवर नक्षी असलेला तो मायक्रोहायला. जमिनीत राहणारे दोन प्रकार: मागच्या पायांनी माती उकरणारा स्फेरोथेका आणि फुग्यासारखा फुगणारा युपेरोडॉन. शिवाय झाडबेडूक. पाऊस लागल्यावर आठ दिवस कंदील किंवा टॉर्च घेऊन धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) फिरलात तर यातले बहुतेक भेटतील.

२. बेडूक आणि भेक यांत फरक काय?

भेकाची कातडी कोरडी आणि खडबडीत असते, पाय आखूड असतात. तो लांब उडी न मारता टुकूटुकू चालतो. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी दिसतात, विष असतं ते तिथे (१३ पाहा). अंडी पाहिली तर शंकाच राहत नाही. भेकाची अंडी काळ्या मण्यांच्या लांब माळेत असतात, बेडकांची बहुधा गोळ्यात किंवा पाण्यावर पसरलेल्या पातळ थरात.

आपल्याकडे भेकही एकच नाही. डोळ्यांभोवती काळ्या हाडांच्या कडा असतील तर तो साधा भेक. तशा कडा नसतील आणि अंगावर फिकट संगमरवरी डाग असतील तर तो दुसरा, मार्बल्ड भेक.

३. बेडूक वावरात जास्त असतात की जंगलात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही.

नुसती डोकी मोजायची तर श्रावणातली धानाची बांधी कुठल्याही सागवानी जंगलाला मागे टाकेल. रोवणी झाल्यावर दोन-तीन महिने तिथे वीतभर पाणी उभं असतं, चिखल असतो, किडे असतात. छोटे मिनर्वार्या, पाणबेडूक, मायक्रोहायला, बुलफ्रॉग सगळे तिथे जमतात. पण जाती मात्र मोजक्या, उघड्यावर राहायला सोकावलेल्या. मेळघाट, ताडोबा किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात संख्या विखुरलेली असते, पण झाडाची ढोली, पालापाचोळ्याचा ओला थर, कुजलेलं लाकूड, दगडातले डोह लागणारे बेडूक तिथेच बरे राहतात.

कपाशी आणि सोयाबीनच्या काळ्या जमिनीत चित्र वेगळं. तिथे पाणी उभं राहिलं तर पीक जातं, म्हणून शेतकरी ते काढून देतो आणि बरोबरच करतो. अशा शिवारात बेडूक टिकतात ते धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला आणि सखल कोपऱ्यातल्या डबक्यात.

शिवार पाहताना मी दोन गोष्टी बघतो. पहिली, साचलेलं पाणी किती दिवस टिकतं. अंड्यापासून पाय फुटलेल्या पिल्लापर्यंत जायला आपल्याकडच्या बहुतेक जातींना साधारण महिना-दीड महिना लागतो. दहा दिवसांत आटणारं डबकं उपयोगाचं नाही, आणि बारमाही तलावात मासे असतात (४ पाहा). दुसरी, त्या पाण्यापासून लपायची जागा किती लांब आहे. तोच बुलफ्रॉग अंडी बांधीत घालतो आणि उन्हाळा धुऱ्याच्या पोटात काढतो. त्यामुळे “वावर की जंगल” अशी वाटणी माणसाच्या नकाशावर असते, बेडकाला दोन्हीतलं थोडं थोडं हवं असतं. धुरे ट्रॅक्टरनं घासून बोटभर केले की पाणी तेवढंच राहूनही बेडूक कमी होतात.

४. आमच्या गावाला मोठा मामा तलाव आहे, तरी बेडूक जास्त बोडीतच (शेतातल्या लहान तळ्यातच) का दिसतात?

माशांमुळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी (मामा) तलावांत मासेमारी चालते, आणि मासे बेडकांची अंडी व पिल्लं खातात. छोट्या बोडीत उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे टिकत नाहीत, म्हणून पहिल्या पावसाला तिथे मैदान मोकळं असतं.

पण तलाव अगदीच निकामी नाही. त्याचा उथळ काठ, पाणवनस्पतींचा पट्टा आणि तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या हे सगळं बेडकांचंच घर. ज्या तलावातली पाणवनस्पती संपली आणि काठाला नुसती बेशरमाची झुडपं माजली, तिथे पाणबेडकाशिवाय फारसं कोणी दिसत नाही.

५. उन्हाळ्यात बेडूक जातात कुठे? नवतप्यात एकही दिसत नाही.

जमिनीखाली. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. त्याच कातडीतून पाणी उडूनही जातं. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात उघड्यावर राहिलेला बेडूक फार वेळ जगत नाही.

स्फेरोथेकाच्या मागच्या पायाला तळाशी फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्यानं तो माती मागे लोटत उलटा, बुडाच्या बाजूनं जमिनीत उतरतो. सैल, रेताड, मुरमाड जमीन त्याला सोपी जाते. काळी जमीन सुकल्यावर दगड होते, ती खोदणं अवघड. पण हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या खोल भेगांचा आसरा बरेच लहान प्राणी घेतात. भेक दगडाखाली, पडक्या भिंतीत, रांजणाखालच्या ओलीत बसतो. पाणबेडूक जिथे थोडं पाणी उरलं असेल तिथे, म्हणजे बहुधा विहिरीत.

आत गेलेला बेडूक खाणं बंद करतो, श्वास आणि ठोके मंदावतात. मूत्राशयात साठवलेलं पाणी हाच त्याचा साठा. म्हणून उन्हाळी नांगरटीत एखादा वर आलाच तर हाताळत बसू नका. घाबरून तो ते पाणी सोडतो आणि मग पावसापर्यंत तगणं कठीण होतं. ओली सावली असलेल्या धुऱ्यावर मातीत ठेवून द्या. नांगरामागे बगळे चालतात ते उगाच नाही.

६. पहिल्या पावसात पिवळेजर्द बेडूक दिसले. हे बाहेरून आलेत का? विषारी आहेत का?

दोन्ही नाही. ते आपलेच बुलफ्रॉग, त्यातले नर. एरवी हिरवट-तपकिरी असतात. प्रजननाच्या काळात अंग लिंबासारखं पिवळं होतं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या आवाजाच्या पिशव्या निळ्या दिसतात. थोड्याच दिवसांत रंग उतरतो. मादी मोठी असते आणि तिचा रंग बदलत नाही. दर वर्षी व्हॉट्सॲपवर या फोटोखाली “दुर्मिळ विषारी बेडूक” असं लिहून फिरतं, तेवढं पुढे ढकलू नका.

७. रात्री आवाजावरून बेडूक ओळखता येतो का?

येतो, आणि डोळ्यांपेक्षा कानानं लवकर येतो. नर गातात, मादी गप्प असते. बुलफ्रॉगचा “ड्रांव… ड्रांव” दूरवर जातो. भेकाचा सूर लांब आणि कापरा, एका दमात बराच वेळ चालणारा. मायक्रोहायला म्हणजे कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्याचा करकरीत आवाज, आणि एवढासा जीव इतका मोठा आवाज काढतो यावर पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. झाडबेडूक “टक… टक टक टक” असा लाकडावर ठोकल्यासारखा. युपेरोडॉनचे नर पाण्यावर फुगून तरंगत ओरडतात, जवळ गेलं की सगळे एकदम बंद होतात.

आवाज पाठवताना मोबाइल पाण्याकडे धरून एक मिनिट स्थिर ठेवा आणि स्वतः बोलू नका. मागे गप्पा चालू असलेल्या क्लिपमधून काही कळत नाही.

८. बोडीवर वाकलेल्या फांदीला पांढरा फेस चिकटला आहे. कीड आहे का? काढून टाकू?

काढू नका, ते झाडबेडकाचं घरटं आहे. जोडी पायांनी स्राव घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरचा थर सुकून कडक होतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं निघतात आणि थेट खाली पाण्यात पडतात. म्हणूनच घरटं नेहमी पाण्याच्या डोक्यावर असतं. कधी कधी मादी सिमेंटच्या टाक्याच्या भिंतीवरही ते करते. मग टाकं रिकामं करायचं दहा-पंधरा दिवस लांबवलंत तर बरं.

९. झाडावर चढला म्हणजे तो झाडबेडूकच ना?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. पाठीवर विटकरी-नारिंगी पट्टे असलेला, जाडजूड, आखूड पायांचा बेडूक झाडाच्या ढोलीत दिसला तर तो रंगीत युपेरोडॉन. तो जमीनही उकरतो आणि झाडावरही चढतो. त्याच्या बोटांची टोकं रुंद असतात, पण झाडबेडकासारख्या गोल चकत्या नसतात. झाडबेडूक सडपातळ, लांब पायांचा, डोळे मोठे. न्हाणीघरात, माठामागे, संडासच्या भिंतीवर चिकटलेला सापडतो तोच हा. त्याला ओल हवी असते, बाकी तो कोणाच्या वाटेला जात नाही.

१०. बेडूक कपाशीवरची कीड खातात का? आणि डास?

खातात, पण अपेक्षा बेतानं ठेवा. बेडूक आणि भेक जमिनीवर हलणारं, तोंडात मावेल ते सगळं खातात: नाकतोडे, रातकिडे, भुंगे, उधळी, मुंग्या, पतंग, अळ्या. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथे कुठलाच बेडूक पोचत नाही. बेडूक वाढवले की फवारणी बंद, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धानात, जिथे किडे पाण्याजवळ खाली येतात, तिथे त्यांचा उपयोग जास्त.

डासांबद्दलही तसंच. बहुतेक जातींची पिल्लं शेवाळ आणि कुजलेलं खातात. बुलफ्रॉगची पिल्लं मात्र शिकारी, डासांच्या अळ्या खातात आणि इतर बेडकांची पिल्लंही, प्रसंगी आपली भावंडंही. उलट डासांसाठी बोडीत गप्पी किंवा गंबुसिया सोडलेत तर ते मासे बेडकांची अंडी-पिल्लं संपवतील. गप्पी घराजवळच्या टाक्यात ठीक, वावरातल्या डबक्यात नको.

११. फवारणीचा बेडकांवर किती परिणाम होतो?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. जे औषध माणसाच्या कातडीतून जातं, ते बेडकाच्या कातडीतून किती जाईल? त्याची कातडी तर श्वास घ्यायला आणि पाणी प्यायलाच बनलेली. पिल्लांचे हाल त्याहून जास्त, कारण औषध वाहून जमतं त्याच सखल डबक्यात ती असतात.

तणनाशक “फक्त तणावर” चालतं हा समज चुकीचा आहे. ग्लायफोसेटच्या काही तयार मिश्रणांत द्रावण पानावर पसरावं म्हणून घातलेला घटक असतो, आणि पाण्यातल्या पिल्लांना तोच जास्त घातक ठरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

करण्यासारखं एवढंच: पंप आणि डबे बोडीत किंवा नाल्यात धुऊ नका. पाणी साचलेल्या कोपऱ्याभोवती पिकाच्या काही ओळी न फवारता सोडा. पावसाचं सावट असताना फवारू नका, औषधही वाया जातं. धुऱ्यावर तणनाशक मारण्याची जी नवी सवय लागली आहे ती मला सगळ्यात वाईट वाटते. तिथे पीक नाही, आसरा मात्र आहे (३ पाहा).

१२. आमच्या प्लास्टिकच्या शेततळ्यात बेडूक मरून तरंगतात. पाणी खराब आहे का?

पाणी ठीक असू शकतं, बाहेर पडायची वाट नाही. अस्तराचा कागद गुळगुळीत आणि उतार तीव्र. झाडबेडूक चढून जातो, पण भेक, बुलफ्रॉग, स्फेरोथेका पोहून पोहून थकतात आणि मरतात. साप, मुंगूस, कधी ससाही असाच जातो.

उपाय स्वस्त आहे. चारही कोपऱ्यांत काथ्याचा जाड दोर, जुनं शेडनेट किंवा एकाला एक शिवलेली पोती काठापासून पाण्यात सोडा. वरचं टोक बाहेर दगडाखाली दाबा, खालचं पाण्याच्या पातळीखाली जाऊ द्या, म्हणजे पाणी उतरलं तरी ते टेकलेलं राहील. शेततळ्यात माणूस किंवा लेकरू पडलं तरी तोच दोर कामी येतो. पायऱ्या नसलेल्या विहिरीलाही हेच करा. पाणबेडूक मात्र विहिरीत आपखुशीनं राहतो, त्याला “वाचवायला” जाऊ नका.

१३. भेक विषारी असतो का? हात लावला तर चामखीळ येते म्हणतात.

चामखीळ विषाणूनं येते, भेकानं नाही. त्याच्या अंगावरचे फोड म्हणजे ग्रंथी.

विष मात्र खरं आहे. डोळ्यांमागच्या ग्रंथींतून दाबल्यावर पांढरा चीक निघतो. हाताला बहुधा काही होत नाही, पण तोच हात डोळ्यांना लागला तर आग होते, म्हणून साबणानं धुवा. खाण्यात गेलं तर ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, शिजवूनही जात नाही, आणि भेक किंवा त्याची अंडी खाऊन आशियात माणसं मेल्याच्या नोंदी आहेत.

कुत्र्यानं भेक तोंडात धरला आणि फेस यायला लागला तर तोंड खाली करून बाजूनं पाण्याची धार सोडा, म्हणजे चीक बाहेर वाहील, घशात जाणार नाही. झटके आले, झोकांड्या जायला लागल्या तर वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

१४. बेडूक असले की साप येतात. मग घराजवळ बेडूक ठेवायचे की हाकलायचे?

येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणदिवड बेडूक आणि मासे खाऊन जगते आणि नाग भेकालाही गिळतो. पण घराकडे साप ओढणारी मोठी गोष्ट म्हणजे उंदीर. पऱ्हाटीचा ढीग, विटांचा थर, तुराट्या भिंतीला लावून ठेवू नका, न्हाणीचं पाणी दाराशी साचू देऊ नका. एवढ्यानं बेडूक आणि साप दोघंही आपोआप दूर राहतात. रात्री टॉर्च हवाच.

१५. खारपाणपट्ट्यात बेडूक राहू शकतात का?

राहतात, पण जमिनीखालच्या पाण्यावर नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, खाऱ्या पाण्यात अंड्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. मात्र वर साचलेलं पावसाचं पाणी गोड असतं, आणि तिथली चिकण जमीन ते लवकर जिरू देत नाही. या पट्ट्यातल्या बेडकांचा सगळा कारभार त्या पाण्यावर. म्हणून तिथे आटत्या डबक्यात बोअरचं पाणी सोडणं ही मदत नाही, अपाय आहे.

१६. पाऊस दडी मारून बसला, डबकं आटतंय, पिल्लं तडफडतात. उचलून दुसरीकडे टाकू का?

निसर्गात बरीचशी पिल्लं अशीच जातात, आणि बगळे, पाणकिडे त्यावर जगतात. तरीही वाचवायची असतील तर डबक्याच्याच पाण्यासकट बादलीत घ्या आणि त्याच शिवारातल्या मासे नसलेल्या पाण्यात सोडा. काळी, थव्यानं फिरणारी भेकाची पिल्लं आणि मोठी बुलफ्रॉगची पिल्लं एका बादलीत टाकू नका, का ते १० मध्ये आलं आहे. नळाचं क्लोरीनचं पाणी घालू नका.

१७. वावरात बेडूक कमी झालेत. तलावातून पकडून आणून सोडले तर?

नको. जागा बरी नसेल तर आणलेले टिकणार नाहीत, जागा बरी असेल तर आसपासचे स्वतः येतील. लांबून आणलेल्या प्राण्याबरोबर रोगही येतात. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणं तर सरळ गुन्हा आहे. एका कोपऱ्यात गुडघ्याच्या खाली खोलीचा, एका बाजूनं उतरता खड्डा ठेवा आणि धुऱ्यावरचं गवत राहू द्या. भेक तर आठवड्यात हजर होतो.

१८. पूर्वी बेडकांचे पाय परदेशात जायचे म्हणतात. खरं का?

खरं. १९८१ मध्ये भारतातून चार हजार टनांहून अधिक बेडकाचे पाय निर्यात झाले, त्यात मोठा वाटा बुलफ्रॉगचा. १९८५ मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि १९८७ मध्ये भारतानं निर्यातच बंद केली.

१९. बेडूक ओरडला की पाऊस येतो का?

हवेतला दमटपणा वाढला की काही जाती, विशेषतः झाडबेडूक, पावसाआधीही आवाज देतात. बुलफ्रॉग मात्र जोराचा पाऊस पडून गेल्यावर गातो. पेरणी त्याच्या भरवशावर करू नका.

२०. गावात धोंडी काढतात, त्यात बेडकाला बांधतात. काय करावं?

पाऊस लांबला की काठीला बेडूक बांधून लेकरं घरोघर जातात, बायाबापड्या वरून पाणी घालतात. रीत बंद करा असं मी कोणाला सांगत नाही. पण भर उन्हात सुतळीनं करकचून बांधलेला बेडूक संध्याकाळपर्यंत मरतो. ओल्या फडक्यात सैल गुंडाळा, ऊन उतरल्यावर निघा, आणि फेरी झाली की जिथून आणला तिथेच सोडा. काही गावांत मातीचा बेडूक करून नेला, तरी घरोघर पाणी घातलंच गेलं.

२१. पुस्तकातलं शास्त्रीय नाव आणि इंटरनेटवरचं नाव जुळत नाही. कोणतं बरोबर?

बहुधा दोन्ही त्या त्या काळी बरोबर. धानातल्या छोट्या बेडकांना पूर्वी सरसकट राना किंवा फेजरवार्या म्हणत, आता आपल्याकडच्यांना मिनर्वार्या म्हणतात. दिसायला सारख्या, पण आवाज आणि जनुकं वेगळी, अशा जाती अजूनही वेगळ्या काढल्या जात आहेत. पश्चिम भारतातला एक स्फेरोथेका २०१७ मध्येच नवीन जात म्हणून नोंदला गेला. फोटोवरून मिनर्वार्याची जात ठामपणे सांगणारा माणूस भेटला तर जरा सावध राहा.

२२. दिसलेल्या बेडकाची नोंद करायची असेल तर?

फोटो तीन घ्या: वरून, बाजूनं डोळा आणि कानाचा पडदा दिसेल असा, आणि जमल्यास मागच्या पायाचा. तारीख, वेळ, गाव, आणि जागा नेमकी लिहा. “शेतात” एवढ्यानं भागत नाही, “कपाशीच्या वावरात, नाल्याकडच्या धुऱ्यावर, गवतात” असं हवं. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकता येतं. एका रात्रीची हौस म्हणून शंभर फोटो काढण्यापेक्षा त्याच बोडीवर जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला जाऊन कोण ओरडतंय तेवढं लिहिलेलं जास्त कामाचं. काहीच ओरडत नसेल तर तेही लिहा.